बेसमेंटमधला पंप : दुरुस्त करावा, बदलावा की दुसरा बसवावा?

1 सप्टेंबर 2021 च्या रात्री ‘आयडा’ वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीवर कोसळला. सेंट्रल पार्कात एका तासात 3.15 इंच, म्हणजे 80 मिलिमीटर पाऊस पडला. तिथल्या नोंदींतला तो विक्रम ठरला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत कोसळलेले 944 मिलिमीटर ज्यांना आठवतात, त्या मुंबईकरांना हा आकडा किरकोळ वाटेल. तरी त्या रात्री एकट्या न्यू यॉर्क शहरात तेरा जण गेले आणि त्यांतले अकरा तळघरातल्या घरांत बुडाले. आपल्याकडच्या बहुतेक घरांना तळघर नसतं. पाणी शिरलं तर दारातून शिरतं आणि ते येताना दिसतं. उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यातल्या घराखाली मात्र एक अख्खा मजला जमिनीत असतो आणि तिथे पाणी रस्त्यावर टिपूस नसतानाही येऊ शकतं.

हे पाणी उपसणारं यंत्र म्हणजे सम्प पंप. विहिरीवरच्या पंपाची किंवा सोसायटीच्या टाकीवरच्या मोटरची सवय असलेल्या माणसाला त्याच्यात नवं काही नाही. फरक इतकाच, की तिकडे पंप बंद पडला तर नळ कोरडा पडतो आणि सगळ्या घराला पाच मिनिटांत कळतं. इकडे पंप बंद पडला तर कुणालाच कळत नाही, आणि कळतं तेव्हा गालिचा भिजलेला असतो. एडिसन, प्लेन्सबरो, नेपरविल, मिसिसागा अशा गावांत घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांनी बेसमेंट नीट सजवून घेतलेलं असतं. पाहुण्यांची खोली, मंडळाच्या नाटकाच्या तालमी, गणपतीच्या मखराचे खोके, भारतवारीच्या बॅगा, सगळं तिथेच. त्या सगळ्याची राखण कोपऱ्यातल्या झाकणाखालचा, दोनशे-अडीचशे डॉलरचा एक पंप करत असतो. त्याची दुरुस्ती, देखभाल आणि बदल यांबद्दल घरमालकाला काय माहीत असायला हवं, याचा हा आढावा.

पाणी येतं कुठून

थंड प्रदेशात घराचा पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो, नाहीतर गोठून फुगणारी माती पाया उचलते. शिकागोत ही खोली 42 इंच धरतात. एवढं खणायचंच आहे तर आणखी चार-पाच फूट खणून एक मजला काढावा, या हिशेबातून बेसमेंट रूढ झालं. खणलेल्या खड्ड्यात काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या, की बाहेरची जागा पुन्हा मातीने भरतात. ही भरावाची माती आजूबाजूच्या मूळ मातीपेक्षा सैल राहते. त्यामुळे घर जणू एका मोठ्या घमेल्यात ठेवल्यासारखं होतं आणि पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं पाणी भिंतीलगत गोळा होतं. काही ठिकाणी भूजलाची पातळीच वर असते; तिथे पाणी खालून, फरशीच्या सांध्यांतून दाब देतं.

हे पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट देणं सोपं. म्हणून पायाच्या कडेने, बाहेरून किंवा फरशीखालून, भोकं असलेला पाइप खडीत पुरतात. त्याचा उतार एका खड्ड्याकडे असतो. खड्डा साधारण 18 इंच रुंद आणि दोन फूट खोल असतो. पाणी ठरावीक पातळीला आलं की फ्लोट उचलला जातो, स्विच लागतो, पंप दीड इंची पीव्हीसी पाइपातून पाणी वर ढकलतो आणि ते घराबाहेर पडतं. पाइपात एक चेक व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडचे प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. पंप थांबल्यावर वर चढलेलं पाणी परत खड्ड्यात येऊ नये, एवढंच त्याचं काम.

पंप दोन जातींचे. मोटर वर दांड्यावर आणि पंप खाली, तो पेडेस्टल. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण आवाज करणारा. सगळाच पाण्यात बुडालेला तो सबमर्सिबल. आता बहुतेक घरांत हाच असतो. सबमर्सिबलची मोटर तेलाने भरलेल्या बंद पेटीत असते आणि भोवतालचं पाणी तिला थंड ठेवतं. ओतीव लोखंडाची पेटी उष्णता लवकर बाहेर टाकते, म्हणून प्लॅस्टिकच्या पेटीपेक्षा ती टिकाऊ.

एक घोळ आधीच मिटवलेला बरा. बेसमेंटमध्ये संडास-बाथरूम असेल तर तिथे आणखी एक खड्डा असतो, घट्ट बोल्ट लावलेल्या झाकणाचा. तो मैला वर चढवणाऱ्या इजेक्टर पंपाचा. त्याचं पाणी सांडपाण्याच्या गटारात जातं, सम्प पंपाचं अंगणात किंवा पावसाळी गटारात. दोन्ही यंत्रणा वेगळ्या. इजेक्टरचं झाकण उघडण्याचं काम प्लंबरचं आहे.

बिघडतं ते काय

‘मोटर जळाली’ हे निदान सगळ्यात सोपं आणि पुष्कळदा चुकीचं. बंद पडलेल्या पंपांत मोटर धड आणि स्विच गेलेला, असं फार वेळा आढळतं. केबलला लोंबणारा फ्लोट पंप चालताना होणाऱ्या थरथरीने सरकत सरकत खड्ड्याच्या कडेला जातो आणि भिंतीला अडकतो. वर अडकला तर पंप थांबतच नाही, कोरडा चालून तापतो. खाली अडकला तर सुरूच होत नाही. उभ्या दांडीवर वर-खाली सरकणारा फ्लोट या बाबतीत जास्त भरवशाचा.

मोटर की स्विच, हे ठरवायला प्लंबर लागत नाही. पुष्कळ पंपांना जोडप्लग असतो: फ्लोटचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये आणि त्याच्याच पाठीत पंपाचा प्लग खोचलेला. दोन्ही काढायचे आणि पंपाचा प्लग थेट सॉकेटमध्ये लावायचा. खड्ड्यात पाणी असताना पंप लगेच चालू होऊन पाणी उपसू लागला, तर मोटर ठीक आहे आणि स्विच गेला आहे. तीस-चाळीस डॉलरचा नवा फ्लोट स्विच आणला की काम भागतं. थेट लावूनही हू की चू नाही, तर सॉकेटमध्ये वीज आहे का ते टेबललॅम्प लावून बघायचं. ब्रेकर पडला असेल, किंवा ओल्या जागेच्या सॉकेटला असतं ते जीएफसीआय संरक्षण ट्रिप झालं असेल. वीज आहे आणि पंप नुसता घुमतो, तर इम्पेलरमध्ये खडा अडकला आहे. वीज आहे आणि आवाजही नाही, तर मग मोटरचं नाव घ्यायला हरकत नाही.

पंप चालतो, पण पाणी कमी होत नाही, ही दुसरी तक्रार. याची कारणं बहुधा मोटरबाहेर असतात. चेक व्हॉल्व्ह उलटा बसवला गेला, बाहेरचा पाइप गोठला किंवा चोंदला, नाहीतर पंपाच्या पोटात हवा अडकून एअर लॉक झाला. एअर लॉक होऊ नये म्हणून पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपाला एक बारीक भोक पाडलेलं असतं, इंचाच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. पंप चालू असताना त्यातून पाण्याची पिचकारी खड्ड्यात उडते. ती उडायलाच हवी. हौशी हातांना ती गळती वाटते, त्यावर एपॉक्सी नाहीतर टेप बसते, आणि पुढे कधीतरी खड्डा कोरडा पडून पुन्हा भरला की पंप हवेतच गरगरत राहतो. नव्या पंपाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात हे भोक पाडायची सूचना असते. ती न वाचता पाइप जोडला गेला, की नव्या पंपावर पहिल्याच आठवड्यात खापर फुटतं.

तिसरी तक्रार: पंप सारखा चालतो. चेक व्हॉल्व्ह गेला असेल तर वर ढकललेलं पाणी परत येतं आणि तेच तेच पाणी पंप पुन्हा उपसत राहतो. बाहेरचा पाइप भिंतीपासून दोन फुटांवरच संपत असेल, तर बाहेर टाकलेलं पाणी मातीतून झिरपून पुन्हा खड्ड्यात. पाऊस नाही, बर्फ नाही, तरी पंप चालतो आहे, असं असेल तर नगरपालिकेच्या पाण्याची भूमिगत लाइन फुटली नाही ना, हे तपासावं. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरतो का ते आधी पाहायचं. मीटर स्थिर असला तरी फुटलेली लाइन मीटरच्या आधीची असू शकते, तेव्हा खड्ड्यातल्या पाण्यात क्लोरीन आहे का तेही तपासून घ्यावं. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या साध्या पट्टीने ते कळतं.

चौथी, त्रासदायक पण धोका नसलेली: पंप थांबताना भिंतीत ‘धाड’ आवाज. चेक व्हॉल्व्हची झडप पाण्याच्या वजनाने आपटते. स्प्रिंग असलेला ‘सायलेंट’ चेक व्हॉल्व्ह रबरी जोडांसह बसवला की आवाज जातो.

दुरुस्तीचा हिशेब मात्र स्पष्ट ठेवावा. स्विच, चेक व्हॉल्व्ह, पाइप, सॉकेट हे दुरुस्त करायचे. मोटर, सील किंवा वाइंडिंग गेलं तर घरगुती पंप उघडून भरून घेण्यात अर्थ नाही. मजुरी नव्या पंपाच्या किमतीवर जाते. पुण्या-कोल्हापुरात मोटर रिवाइंड करून देणारे दुकानदार गल्लोगल्ली सापडतात. अमेरिकेत हा धंदा घरगुती पंपांसाठी जवळपास नाहीच.

देखभाल : बादली, झाडू आणि कॅलेंडर

देखभालीला तासभराहून जास्त वेळ लागत नाही, आणि तरी ती होत नाही, कारण झाकणाखालची वस्तू नजरेआड असते. तीन-चार महिन्यांतून एकदा पाच गॅलनची बादली भरून पाणी खड्ड्यात ओतावं. एका बादलीत फ्लोट उचलला गेला नाही तर दुसरी. फ्लोट उचलला जातो का, पंप लागतो का, पाणी झपाट्याने उतरतं का आणि पंप आपोआप थांबतो का, या चार गोष्टी बघायच्या. घरातल्या दुसऱ्या माणसाने त्या वेळी बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडातून पाणी पडतं का तेही पाहावं. ही चाचणी मार्चमध्ये बर्फ वितळण्याआधी आणि उन्हाळी वादळांच्या आधी नक्की व्हायला हवी.

वर्षातून एकदा पंप बाहेर काढावा. आधी प्लग काढायचा, मगच हात खड्ड्यात. उचलताना हँडलला धरायचं, वायरला नाही. वायर ताणली की सील सैल होतं आणि पाणी मोटरमध्ये जातं. तळाशी बसलेला गाळ, खडी, भिंत बांधताना पडलेले काँक्रीटचे तुकडे काढून टाकायचे. पंपाची जाळी जुन्या टूथब्रशने घासायची. पंप परत ठेवताना सपाट विटेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवला, की गाळ थेट आत ओढला जात नाही. काही गावांच्या मातीत लोह जास्त असतं. तिथे लोहजिवाणूंचा नारिंगी, चिकट थर खड्ड्यावर आणि फ्लोटवर चढतो. तो आरोग्याला घातक नाही, पण फ्लोट जड करतो आणि पाइप चोंदवतो. अशा घरात वर्षातून एकदा साफसफाई पुरत नाही.

झाकणाबद्दल एक सूचना. जमिनीतून येणारा रेडॉन वायू खड्ड्यावाटे घरात शिरतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण रेडॉन मानलं जातं, आणि पर्यावरण संरक्षण संस्था लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या पातळीला उपाय करायला सांगते. म्हणून खड्ड्याचं झाकण गॅसकेट लावून हवाबंद असावं. त्यात पारदर्शक खिडकी असलेलं मिळालं तर उत्तम; झाकण न उघडता पातळी दिसते.

आणि पंपावरचा भार कमी करणं हीसुद्धा देखभालच. एक हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की 620 गॅलनच्या वर पाणी होतं. पन्हळीचा नळ ते भिंतीलगतच सोडत असेल, तर आपण स्वतःच पंपाला काम लावत आहोत. नळाला जोड देऊन पाणी सहा ते दहा फूट लांब न्यायचं, पन्हळीतली पानं काढायची आणि घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. बांधकामाची नियमावली पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार मागते. पुष्कळ घरांत एवढ्यानेच पंपाचं काम निम्म्यावर येतं.

बदलायचा कधी आणि कोणता

सबमर्सिबल पंपाचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं धरतात. रोज चालणारा पंप आधी जातो, क्वचित चालणारा जास्त टिकतो, पण क्वचित चालणाऱ्याचा इम्पेलर गंजून धरतो. पंपाच्या लेबलवर बनावटीची तारीख किंवा कोड असतो. जुनं घर घेतलं असेल तर पहिल्याच आठवड्यात तो पाहून ठेवावा. घर घेतानाच विक्रेत्याला पंपाचं वय विचारावं, आणि बेसमेंटच्या भिंतीच्या तळाशी पांढरे क्षार किंवा पाण्याची रेघ दिसते का तेही बघावं. आठ वर्षं झाली, आवाज बदलला, चालताना थरथर वाढली, एवढंच पाणी उपसायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, यांपैकी काहीही असलं तर पंप चालू असतानाच बदलावा. बंद पडल्यावर बदलायला निघालात तर त्या दिवशी गावातल्या सगळ्यांनाच प्लंबर हवा असतो.

किती ताकदीचा घ्यायचा? दुकानात गेलं की पाव, एक तृतीयांश, अर्धा, पाऊण अशी हॉर्सपॉवरची उतरंड समोर येते आणि मध्यमवर्गीय मन ‘असू दे थोडा मोठा’ म्हणतं. इथे थांबून एक मोजणी करावी. जोराचा पाऊस चालू असताना पंपाने खड्डा रिकामा केला, की प्लग काढायचा आणि एका मिनिटात पाणी किती इंच चढतं ते पट्टीने मोजायचं. प्लग लगेच परत लावायचा. 18 इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच म्हणजे सुमारे 1.1 गॅलन. मिनिटाला 8 इंच चढलं तर आवक नऊ गॅलनच्या आसपास. एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा चांगला पंप दहा फूट उंचीवर मिनिटाला तीसेक गॅलन फेकतो, म्हणजे तिपटीहून जास्त. बहुतेक घरांना हा पुरतो. पाइप लांब असेल, कोपरे पुष्कळ असतील किंवा आवक खरोखरच मोठी असेल तर अर्ध्या हॉर्सपॉवरचा घ्यावा. खोक्यावरचा ठळक आकडा शून्य उंचीचा असतो, तेव्हा उंचीनुसार दिलेला तक्ता वाचूनच निवड करावी.

गरजेपेक्षा मोठा पंप तोट्याचा असतो. तो खड्डा काही सेकंदांत रिकामा करतो, थांबतो, पुन्हा लागतो. मोटरला सगळ्यात जास्त ताण सुरू होताना बसतो आणि स्विचचे संपर्कही त्याच क्षणी जळतात. तीच आवक लहान पंप सलग, सावकाश उपसतो आणि जास्त वर्षं टिकतो.

तशाच आकाराचा पंप बदलणं हे हात चालणाऱ्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. चेक व्हॉल्व्हच्या रबरी जोडाचे क्लॅम्प सैल करून जुना पंप वर घ्यायचा, नव्याला पाइपाचा तुकडा बसवायचा, त्याला ते बारीक भोक पाडायचं, पीव्हीसीचे सांधे प्रायमर आणि सोल्युशन लावून जोडायचे, बाणाची दिशा वर ठेवून चेक व्हॉल्व्ह बसवायचा आणि फ्लोटला कुठे अडथळा नाही ना ते हाताने फिरवून पाहायचं. शेवटी बादलीची चाचणी. पंपाला दीडशे ते तीनशे डॉलर पडतात. प्लंबरकडून करून घेतलं तर सगळं मिळून पाचशेपासून पुढे, शहर आणि प्रसंग पाहून. नवा खड्डा खणणं, सॉकेट बदलणं किंवा पाइपाचा मार्ग बदलणं असेल तर परवानाधारक माणूसच बोलवावा, आणि गावाचा परमिटचा नियम विचारून घ्यावा.

वीज गेल्यावर

आतापर्यंतचं सगळं वीज असताना. पण पंपाची खरी गरज लागते ती वादळात, आणि वादळात पहिली जाते ती वीज. 29 ऑक्टोबर 2012 ला ‘सँडी’ आलं तेव्हा न्यू जर्सीत पंचवीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांची आठवडाभर आली नाही. अशा वेळी पंप अर्ध्याचा की पाऊण हॉर्सपॉवरचा, याला अर्थच उरत नाही. या साऱ्या प्रश्नात पैसे कुठे घालावेत याचं उत्तर इथे आहे: मोठा पंप नको, दुसरा पंप हवा, आणि तो दुसऱ्या शक्तीवर चालणारा हवा.

त्याचे तीन प्रकार. पहिला बॅटरीवरचा. त्याच खड्ड्यात मुख्य पंपाच्या थोडा वर, स्वतःच्या फ्लोटसह 12 व्होल्टचा लहान पंप बसवतात. मुख्य पंप कोणत्याही कारणाने चुकला, अगदी फ्लोट अडकला तरी, पाणी वर चढल्यावर हा लागतो. सलग चालला तर काही तास आणि थांबून थांबून चालला तर एखाद-दोन दिवस, इतका त्याचा आवाका. बॅटरी डीप-सायकल हवी. मोटारीची बॅटरी या कामाला लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरला डिस्टिल्ड वॉटर घालण्याची सवय असलेल्यांना हे नवं नाही: साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर पाणी बघत राहायचं, एजीएम असेल तर ते करावं लागत नाही, आणि दोन्ही तीन ते पाच वर्षांनी बदलायच्या.

दुसरा नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारा. त्याला बॅटरी नाही, वीज नाही. नगरपालिकेचं पाणी चालू आहे तोवर तो चालतो. साधारण एक गॅलन पिण्याचं पाणी खर्चून दोन गॅलन उपसतो, म्हणजे बिल वाढतं, पण चार दिवस वीज नसली तरी तो थकत नाही. घाण पाणी पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ नये म्हणून बॅकफ्लो प्रतिबंधक लावणं सक्तीचं समजावं. स्वतःच्या बोअरवेलवर असलेल्या घराला हा उपयोगाचा नाही. वीज गेली की बोअरचा पंपही थांबतो.

तिसरा जनरेटर. तो सारं घर सांभाळतो, पण कुणीतरी घरी असावं लागतं. आणि तो कधीही गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये लावू नये. कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. घरापासून किमान वीस फूट लांब, धूर घराकडे येणार नाही असा ठेवावा.

तिन्हींपैकी काहीच जमत नसेल तर निदान पाण्याची पातळी वाढल्यावर ओरडणारा अलार्म तरी बसवावा. तो वीस-तीस डॉलरपासून मिळतो. फोनवर निरोप देणारे अलार्मही आहेत, पण वीज गेली की घरातला वायफायही जातो, हे लक्षात ठेवून सेल्युलर किंवा राउटरला वेगळी बॅटरी, असा विचार करावा. डिसेंबरात महिनाभर भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी बादलीची चाचणी घ्यावी, बॅटरी पाहावी आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे द्यावी ज्याला खड्डा कुठे आहे हे प्रत्यक्ष दाखवलेलं आहे.

बाहेर टाकलेलं पाणी

बाहेरचा पाइप भिंतीपासून किमान दहा फूट लांब आणि उताराकडे जायला हवा, शेजाऱ्याच्या अंगणात नाही. हे पाणी सांडपाण्याच्या गटाराला जोडायला बहुतेक गावांत बंदी आहे. सगळ्यांच्या पंपांचं स्वच्छ पाणी मैलापाण्याच्या लाइनमध्ये गेलं, तर पावसात ती तुंबून लोकांच्याच बेसमेंटमध्ये उलटते. शिकागोच्या जुन्या भागांत पावसाचं आणि मैल्याचं गटार एकच आहे. त्याचा भार पेलायला 1975 पासून जमिनीखाली खोल बोगदे खणले गेले, तरी मोठ्या पावसात दाब येतोच. अशा ठिकाणी सम्प पंप पुरत नाही. गटाराचं पाणी उलटं येऊ नये म्हणून बॅकवॉटर व्हॉल्व्ह लागतो. 8 जुलै 2013 ला विमानतळावर 126 मिलिमीटर पाऊस मोजलेल्या टोरांटो शहरात महापालिका असा व्हॉल्व्ह आणि सम्प पंप बसवायला अनुदान देते. तिथल्या घरमालकांनी काम काढण्याआधी अटी वाचाव्यात.

थंडीत बाहेरच्या पाइपात साचलेलं पाणी गोठतं. पाइपाला सलग उतार असावा, तोंडाशी लावलेला घडीचा लवचिक होज हिवाळ्यात काढून ठेवावा, आणि पाइप गोठलाच तर भिंतीबाहेर लगेच पाणी सोडणारा जाळीचा जोड बसवून घ्यावा.

विमा

घराच्या नेहमीच्या विम्यात सम्प पंप बंद पडून आलेलं पाणी धरलेलं नसतं. त्यासाठी ‘वॉटर बॅकअप आणि सम्प ओव्हरफ्लो’ हे वेगळं कलम घ्यावं लागतं. ते बहुधा वर्षाला शंभर-दोनशे डॉलरच्या घरात बसतं. नदी-नाल्याचा पूर हा त्याहून वेगळा विषय. त्यासाठी अमेरिकेत केंद्र सरकारचा पूरविमा, आणि तो घेतल्यावर लागू व्हायला साधारणपणे तीस दिवस जातात, म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. या पूरविम्यात बेसमेंटमधली भट्टी, गीझर, विजेचं पॅनेल, वॉशर-ड्रायर अशा मोजक्याच वस्तू येतात. सजवलेल्या भिंती, फरशी, सोफा, टीव्ही येत नाहीत. फक्त एक इंच पाणी घरात आलं तरी सुमारे 25,000 डॉलरचं नुकसान होऊ शकतं, असा केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा अंदाज आहे. ओल राहिली तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागते, तेव्हा विमा कंपनीची वाट न बघता फोटो काढून उपसा सुरू करावा. पाणी सॉकेटच्या उंचीला पोचलं असेल तर मात्र खाली पाऊल टाकू नये. आधी वीज कंपनीला फोन.

आयडासारख्या रात्री, जेव्हा रस्त्यावरचं पाणीच खिडकीतून आत येतं, तेव्हा कोणताही घरगुती पंप पुरा पडणार नाही, हेही मान्य करायला हवं. त्या वेळी माणसांनी वर जावं, सामान जाऊ द्यावं. पण अशा रात्री थोड्या. बाकीच्या रात्री बेसमेंट बुडतं ते अडकलेल्या फ्लोटमुळे, गेलेल्या विजेमुळे, गोठलेल्या पाइपामुळे किंवा बारा वर्षांच्या पंपामुळे, आणि या चारही गोष्टी आधी कळण्यासारख्या आहेत. म्हणून क्रम असा ठेवावा: या शनिवारी बादलीची चाचणी आणि लेबलवरच्या तारखेची नोंद, पंप आठ वर्षांपुढचा असेल तर तो बदलणं, त्यानंतर हाती पैसे असतील तर ते मोठ्या पंपात न घालता बॅकअपमध्ये घालणं, आणि विम्याच्या एजंटला फोन करून ते एक कलम आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे लेखी विचारून घेणं.